पटातली फटफटी

नवऱ्याचं नाव घेऊ नये, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडे म्हणतात. पण भर पटात ज्याच्या मांडीवरून छकडीचं चाक गेलं आणि तरी जो जगला, त्याला माझ्या जिभेनं काय होणार आहे? तेव्हा मी घेते. पुंजाराम. आणि मी सत्यभामा. आईबापांनी हे नाव ठेवताना जरा विचार करायला हवा होता, असं गावात सगळ्यांचं मत आहे.

आम्ही माळी. अमरावतीचा भाजीबाजार उघडायच्या आत बैलगाडी पोचेल एवढ्या अंतरावर आमचं गाव. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि सणासुदीला झेंडू. मळा दोघांचा म्हणायचा, पण खरं पाहता मळा माझा होता आणि पट पुंजारामचा. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. संक्रांत झाली की आमच्या वऱ्हाडात गावोगाव पट भरतात. एक हलकी छकडी, दोन बैल, वर एक माणूस आणि समोर दाबून सपाट केलेली काळी माती. तुम्ही पान तोंडात टाकेपर्यंत जोडी या टोकाची त्या टोकाला गेलेली असते. वरच्या माणसाला धुरकरी म्हणतात. पुंजाराम नत्थुजींच्या जोडीचे धुरकरी होते.

नत्थुजी गावातले मोठे कास्तकार. पट त्यांच्या वावरात भरतो आणि पटात शब्दही त्यांचाच चालतो. बाण्या आणि मोगऱ्या हे बैल त्यांचे. पण गोऱ्हे असल्यापासून त्यांना चारलं, अंग चोळून दिलं, पळायला शिकवलं ते पुंजारामनी. मोगऱ्याचं नावसुद्धा माळ्यानंच ठेवलेलं, हे काही वेगळं सांगायला नको. घरी मुलं तापानं फणफणली तर मला वैद्याकडे एकटीला जावं लागायचं, पण मोगऱ्यानं एक वेळ वैरण सोडली तर हा माणूस रात्रभर गोठ्यात. माझा त्या बैलांवर राग होता. सवतीवर असतो तसा.

मग एका पटात छकडीचा आस मोडला. पुंजाराम खाली आणि चाक वरून. मांडीचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं, डावा पाय आखूड झाला. नत्थुजी दवाखान्यात आले, जवळ बसले, डोळ्यांत पाणी आणलं. आणि पुढच्या पटाला जोडी दुसऱ्याच्या हाती दिली. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. लंगडा माणूस धावत्या छकडीवर उभा राहत नाही. पण पुंजाराम काठी टेकत गोठ्याकडे गेले, तर दारातच त्यांना अडवलं.

"पुंज्या, आता गोठ्यात येत जाऊ नको," नत्थुजी म्हणाले. "बैलायले तुही सवय मोडू दे. तू दिसला का थे नव्या धुरकऱ्याचं आयकत नाई. दोघायची जोडी कोनाचीच होत नाई, बाप्पा."

पुंजाराम घरी आले आणि जेवले नाहीत. मांडी मोडली तेव्हाही ते रडले नव्हते. त्या दिवशी रडले.

माझा थोरला भाऊ खुशालराव अकोल्याला कापसाच्या जिनमध्ये फिटर होता. दोन-तीन वर्षं अशीच गेली, मग त्यानं पुंजारामना हंगामापुरतं इंजिनाला तेल द्यायच्या कामावर लावून घेतलं. बसून करायचं काम. मला वाटलं, चला, डोकं तरी गुंतेल. ते असं गुंतलं, की हंगाम संपल्यावर माणूस घरी आला तो बैलगाडीत एक फटफटी आडवी घालून. रस्त्याच्या कामावरचा कुणी साहेब नागपूरला बदलून जाताना ती टाकून गेला होता आणि जिनमागच्या लिंबाखाली तिच्यावर कोंबड्या बसत होत्या.

"साडेतीन घोड्यायची हाये," पुंजाराम अभिमानानं म्हणाले.

"तीन समजले. आर्धा घोडा कोनता?"

"थो मीच व्हय," ते म्हणाले आणि पाय मोडल्यापासून पहिल्यांदा मनापासून हसले. त्या हसण्यापायी मी फटफटी घरात घेतली. नाहीतर कोंबड्यांनाच परत पाठवली असती.

पुंजारामनी तिला सुटी केली, घासली, जोडली आणि एक दिवस ती आमच्या मळ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, धकधक करत गेली. सगळं गाव पाहायला लोटलं. कुणी म्हणालं, भाजीची टोपली बांधा. कुणी म्हणालं, बायकोला बसवून बाजार करा. मीही तेच म्हणत होते. पण पुंजारामच्या डोक्यात काय होतं, ते त्यांनी पौष महिन्यात चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं, आणि मला ते बायकांकडून विहिरीवर कळलं.

"काकाजी, औंदाच्या पटात मी उतरून राहिलो," ते नत्थुजींना म्हणाले होते. "फटफटी घेऊन. तुमच्या जोडीसंग."

चावडी हसली. नत्थुजी हसले नाहीत. म्हातारा बोलण्यात काटेकोर होता.

"पटात पयले उभं राह्याचं अन् मंग पयाचं," ते म्हणाले. "दुरून दवडत आनायची नाई."

"उभ्यानंच निंगतो."

"हारला त?"

"तुमी सांगा."

"हारला त या वावरात पाय ठेवायचा नाई. पाह्यालेही नाई. जिकला त चौथऱ्यावर माह्या बाजूले बसशीन, पंचायसंग. पटातला मानूस म्हनून."

पुंजारामनी मान डोलावली. म्हणजे हरले तर बैल लांबूनही दिसणार नव्हते. मी घरी आल्यावर काय काय बोलले ते लिहीत नाही. तासभर बोलले. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "झालं? मंग जरा फटफटी धर, तिचं स्टँड मातीत रुतून राहिलं."

मी धरली. काय करणार.

पहिल्याच दिवशी उघडं पडलं. आमच्या शेजारच्या वावरात दोन साधे नांगराचे बैल छकडीला जोडून त्यांच्याशी पळवून पाहिली, तर नांगराचे बैल पुढे. फटफटी शेवटी शेवटी वेग घ्यायची, पण तोवर पट संपायचा. सडकेवर ती कितीही चालली असती, न थकता. पण पटाचा सगळा खेळ सुरुवातीच्या उडीत असतो आणि उडी तिच्यात नव्हती. नीट जेवून उठलेल्या सावकारासारखी ती जागची हलायची.

खुशालदादा अकोल्याहून आला. त्यानं कान लावला, इंजिन चालवलं, बंद केलं.

"जवाईबापू, हिच्या पोटात दोन जड चाकं हायेत," तो म्हणाला. "फ्लायव्हील म्हनतात. इंजिनाचा एक धक्का अन् दुसरा धक्का याच्या मधात थे चाकं इंजिनाले फिरवत ठेवतात. जड हायेत म्हनून फिरायले येळ लागते. अन् एक डाव फिरली का थांबायलेही येळ लागते."

"मंग हलकी करू."

"करता येते. घेरावरून थोडं थोडं लेथवर कापू. पन थोडं, बरं का. थोडं कापायचं, जोडायचं, पाहायचं."

थोडं. हा शब्द पटातल्या माणसाला सांगून उपयोग नसतो, हे दादाला ठाऊक नव्हतं. पटाची छकडी कशी करतात ते तो अकोल्यात राहून विसरला होता. सुतार ती बांधतो आणि मग महिनाभर धुरकरी ती काचेनं तासत बसतो. जू तास, दांड्या तास, चाकाचा घेर तास. कुठवर? तर घरच्या बाईनं कमरेवर पाण्याची घागर ठेवून दुसऱ्या हातानं छकडी उचलली पाहिजे, तिथवर. आमच्याकडे ही परीक्षा ठरलेली. छकडी उचलली गेली की बाई गूळ वाटते. गेल्या कित्येक छकड्या मीच उचलल्या होत्या.

पुंजाराम चाकं घेऊन अकोल्याला गेले. दादानं दोन्ही चाकांवरून सारखं थोडं कापून दिलं आणि तो पाळीवर गेला. पुंजारामनी चाक हातात तोललं. जड वाटलं. जिनच्या लेथवरच्या ओळखीच्या माणसाला म्हणाले, आणखी काप. परत तोललं. आणखी काप. दादा पाळीवरून येईपर्यंत घेराला पातळ कडाच उरली होती आणि लेथखाली कीस गुडघाभर साचला होता. दादानं कपाळावर हात मारला. पुंजाराम मात्र खुशीत चाकं पोत्यात घालून आगगाडीनं बडनेऱ्याला उतरले आणि घरी येऊन आधी मला घागर घ्यायला लावली.

"उचल."

मी घागर कमरेवर घेतली आणि एका बोटानं चाक उचललं.

"कसं हाये?"

"पापडावानी."

त्यांनी स्वतःच्या हातानं गूळ वाटला.

इंजिन जोडलं. मी फटफटी धरून उभी, त्यांनी लाथ मारली आणि आवाज ऐकून माझ्या हातून ती सुटलीच असती. पूर्वी धकधक करायची ती आता किंचाळत होती. मूठ पिळली की आवाज एका क्षणात आभाळात, सोडली की लगेच खाली. सडकेवर नेली तर पाखरू! पुंजाराम परत आले ते डोळ्यांतून पाणी गळत, वाऱ्यानं. मग आम्ही ती वावरात नेली, काळ्या मातीवर उभी केली, त्यांनी गियर टाकला, क्लच सोडला, आणि इंजिन गप्प.

परत लाथ. परत क्लच. परत गप्प. मूठ जास्त पिळून सोडली तर मागचं चाक जागच्या जागी माती उकरायचं आणि मग बंद पडायचं. एकदा तर लाथ उलटी बसली आणि चांगल्या पायाची नडगी सुजली. काळी माती चाकाला धरून ठेवते. तिच्यातून निघायला आतून कुणीतरी रेटा द्यावा लागतो, आणि तो रेटा देणारं वजन पुंजाराम अकोल्याला लेथखाली सोडून आले होते.

त्या संध्याकाळी मला फार राग आला. फटफटीवर नाही, चुकीवरही नाही. हा माणूस भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचा चेहरा दवाखान्यातून आला तेव्हाचा झाला होता. तो चेहरा मी घालवला होता. एवढी वर्षं एकटीनं मळा ओढून, उपासतापास करून, टोमणे मारून, हसवून. परत तो माझ्या घरात? मी म्हटलं, नाही. काही झालं तरी नाही.

"नवी चाकं आना," मी म्हटलं.

"मुंबईहून मागवा लागतात. तिथंही भेटतीन का नाई. पट दारात आला."

"मंग यायलेच जड करा."

"कापलेलं लोखंड परत लागते का, वं?"

मी रात्री उत्तर शोधत बसले असं म्हणणार नाही, मी झोपले. दिवसभर खपून आलेल्या बाईला झोप येतेच. पण दोन दिवसांनी आमच्या बैलगाडीची चाकं धाव चढवायला लोहारवाड्यात न्यायची होती, ती मी घेऊन गेले. लाकडी चाक सुकून आवळतं आणि त्याच्यावरची लोखंडी कडी, म्हणजे धाव, सैल होते. मग लोहार ती कापून थोडी लहान करतो, गवऱ्यांच्या गोल आगीत लाल करतो, तापली की ती पसरते, तशीच चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. थंड होताना ती अशी आवळते की लाकूड कुरकुरतं. जन्मापासून दर साली पाहिलेलं. त्या दिवशी पाणी ओतलं, वाफ उठली, आणि मी चाकं तिथंच टाकून घराकडे पळत सुटले. लोहार ओरडला, "वैनी, भाजलं काय?"

पुंजाराम अजून भिंतीशीच.

"लाकडावर लोखंड चढते," मी धापा टाकत म्हटलं. "लोखंडावर लोखंड कावून नाई चढनार?"

त्यांनी काठी मागितली. सकाळच्या गाडीनं आम्ही दोघंही अकोल्याला. मळ्यात पाणी द्यायला जाऊबाईंना हातापाया पडून बसवलं.

दादा आधी हसला. मग हसता हसता थांबला. त्यानं चाक हातात घेऊन घेरावर बोट फिरवलं.

"कडी बसन," तो म्हणाला. "पन जेवढं कापलं तेवढं सगळं परत नाई घालायचं. आर्धंच घालू. मंग मातीतून निंगायले जोरही राहीन, अन् उडीही राहीन."

जिनच्या भंगारात एक जाड पोलादी नळकांडं पडलं होतं. त्यातून दादानं दोन कड्या कातल्या. कडी चाकापेक्षा किती लहान ठेवायची, हा प्रश्न आला. पुंजाराम म्हणाले, लोहार ठेवतो तेवढी. गाडीच्या चाकाला लोहार बोटाच्या हिशेबानं ठेवतो. फटफटीच्या पोटातलं चाक ताटलीएवढं, म्हणून त्यांनी बोटाऐवजी नखाचा हिशेब धरला. दादाला तो जास्त वाटत होता, पण कडी तापवून चढवण्याचं काम त्यानं कधी केलं नव्हतं, म्हणून तो बोलला नाही.

कड्या घेऊन गावी आलो. लोहारानं गवऱ्या रचल्या, मोठ्या धावेसाठी रचतो तशा, फक्त लहान. कडी लाल झाली. दोन सांडशींनी उचलली, चाकावर धरली, महत्प्रयासानं ती एकदाची बसली. सगळे खूश. पुंजारामनी पाण्याला हात घातला तेवढ्यात टण्ण! कडी चिरली. एका बाजूनं उभी चीर, आरपार. लाकूड दबतं, आपल्या अंगावर घेतं. लोखंड दबत नाही.

"चाक?" पुंजारामनी विचारलं.

लोहारानं चिरलेली कडी छिन्नीनं काढली, चाक उन्हात धरून सगळीकडून पाहिलं. चाक शाबूत होतं.

"अजून एक डाव," पुंजाराम म्हणाले.

त्या वेळी पट इतका जवळ आला होता की नत्थुजींच्या वावरात माणसं ढेकळं फोडत होती. पुंजाराम परत अकोल्याला. गाडीच्या गार्डालाही आता ते पोतं ओळखीचं झालं होतं. या वेळी दादा बोलला. त्यानं एक पोस्टकार्ड घेतलं, त्याची जाडी दाखवली आणि म्हणाला, "एवढंच लहान. याच्यावर एक केस नाई." नळकांड्यात दोनच कड्यांपुरतं पोलाद उरलं होतं. चुकलं तर पुढे काही नव्हतं. दादा कड्यांसोबत स्वतः आला, जिनमधून सुटी काढून.

या वेळी कडी लाल केली नाही. दादानं सांगितलं, निळसर झाली की बस. लोहाराला ते पटेना, पण त्यानं ऐकलं. कडी उचलली, चाकावर सोडली आणि ती वाटीवर झाकण बसावं तशी अलगद बसली. पाणी ओतलं नाही. आपसूक थंड होऊ दिली. आम्ही चौघं त्या ताटलीएवढ्या चाकाभोवती उकिडवे बसलो होतो. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात तसे. आवाज आला नाही. दादानं हातोडीनं हलकेच वाजवलं, तर चाक आणि कडी एकच बोलली. मग दुसरी चढवली. दादानं दोन्हीत आडव्या पिना मारल्या, अकोल्याला नेऊन लेथवर घेर सरळ केले, दोन्ही चाकं तोलून सारखी केली आणि इंजिन जोडलं ते पटाच्या आदल्या दिवशी. काळ्या मातीवर तपासून पाहायला दिवस उरला नव्हता. फक्त अंगणात चालू केली. आवाज ना सावकाराचा होता ना किंचाळणारा. मला तो बरा वाटला, पण मला काय कळतं.

पटाला आजूबाजूची गावं लोटली होती. हलग्या वाजत होत्या, रेवड्या-शेंगदाण्यांची दुकानं लागली होती. दिवसभर जोड्या पळाल्या. उन्हं कलली तसं नत्थुजी चौथऱ्यावर उठून उभे राहिले आणि त्यांनी हात केला. बाण्या आणि मोगऱ्या आले. किती दिवसांनी मी त्यांना जवळून पाहत होते! मोगऱ्या पांढराशुभ्र, शिंगांना रंग. शेजारच्या चाकोरीत आम्ही फटफटी आणली. मी धरली, पुंजाराम बसले, लाथ मारली, लागली. बैल बिचकले नाहीत, हलग्यांच्या कडकडाटात वाढलेले. पण मोगऱ्यानं मान वळवली आणि तो आमच्याकडे बघतच राहिला. नवा धुरकरी कासरा ओढत होता, तरी बघत राहिला. पुंजारामनी मात्र त्याच्याकडे पाहिलं नाही. समोर नजर. मला कळलं का ते. पाहिलं असतं तर हात सैल पडले असते.

"सोड," ते मला म्हणाले. मी सोडली आणि मागे झाले. हरले तर या माणसाला मी घरी कशी नेणार, एवढंच माझ्या मनात होतं.

झेंडी पडली.

बैलांनी उडी घेतली. फटफटीचं मागचं चाक मातीत बसलं, इंजिनाचा आवाज खाली गेला, खाली, आणखी खाली. आता गप्प होणार. पण नाही झालं. आतून त्या चाकांनी रेटा दिला. एक धक्का, दुसरा, आणि मग फटफटी मातीतून सुटली. बैल छकडीभर पुढे होते. अर्ध्या पटात अर्धी छकडी. पुढे मला धुळीत दिसेना. मी धावत सुटले, पदर कुठे, मी कुठे. शेवटच्या खुणेशी उभे असलेले पंच हात वर करून ओरडत होते आणि कुठल्या बाजूचा हात आहे ते मला समजत नव्हतं. मग दादानं मला दोन्ही खांद्यांना धरलं आणि हलवलं.

"जिकले वं! पुढचं चाक पुढं होतं! जिकले!"

मी रडले. कुणी पाहिलं असेल तर पाहू दे.

पुंजाराम फटफटी वळवून चौथऱ्यासमोर आले. दादानं ती धरली आणि ते काठीशिवाय उतरले. गलका थांबला, कारण नत्थुजी खाली उतरत होते. जोडी हरलेल्या माणसाच्या तोंडावर जे दिसतं ते त्यांच्या तोंडावर होतं, लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"जिकला तू," ते म्हणाले. "शबूद म्हंजे शबूद. चाल, वर बस."

पुंजाराम जागचे हलले नाहीत.

"मी बसायले नाई आलो, काकाजी," ते म्हणाले. "बसून बसून चार साल झाले."

"मंग काय पायजे?"

एवढी चाकं कापली, एवढ्या कड्या चढवल्या, सगळ्या चावडीसमोर तोंड वर करून पैज लावली, आणि मागायची वेळ आली तर या माणसाची जीभ टाळूला चिकटली. त्यांनी फक्त बैलांकडे पाहिलं. आता पाहिलं.

मी पुढे झाले. नत्थुजींसमोर मी कधी बोलले नव्हते, पण बोलले. "त्यायले बैल पायजेत, मामाजी. पयवायले नाई. निस्ते जवळ."

नत्थुजींनी नव्या धुरकऱ्याला खूण केली, छकडी सोडायला लावली. दोन्ही बैलांचे कासरे स्वतःच्या हातात घेतले, फेस आलेल्या मोगऱ्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि कासरे पुंजारामच्या हातात दिले.

"तहानले हायेत," ते म्हणाले. "पानी पाजून आन."

विहीर वावराच्या दुसऱ्या टोकाला होती. मधे सगळा पट. पुंजाराम निघाले, आखूड पायावर झुकत, लांब पायावर सावरत, मधे बाण्याच्या पाठीचा आधार घेत. आणि नुकते वाऱ्यासारखे पळून आलेले ते दोन बैल, तहानलेले, समोर पाणी दिसत असलेले, त्यांच्या चालीनं चालले. ते थांबले की थांबायचे. ते झुकले की मोगऱ्या मान खाली घालायचा. कुणी ओढत नव्हतं, कुणी हाकत नव्हतं. ज्या बैलांवर मी इतकी वर्षं सवतीसारखी जळले, त्यांच्या पाया पडावंसं मला वाटलं.

इकडे पुढची जोडी खुणेशी येऊन उभी होती. तिचा मालक घाई करू लागला, उन्हं चालली, सोडू द्या म्हणाला. झेंडीवाल्यानं नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजींनी मान हलवली.

"मानूस पटात हाये," ते म्हणाले. "दिसून नाई राहिला का?"

जाऊन पाणी पाजून यायला पुंजारामना बराच वेळ लागला. तोवर पट थांबला होता.